कोरड्या बोअरातली आग

तुमाले सांगतो, किन्हीराजाच्या आजूबाजूले नारळावर पाणी दाखवणारा माझ्यावानी मानूस नाई. तळहातावर नारळ ठेवून वावरात फिरलो, नारळ उभा झाला की तिथं पाणी, एक बोअर कोरडा गेला नाई... म्हंजे आमचा सोडून, आन व्याह्याचा सोडून, आन शाळेतल्या बोअरचं तं विचारूच नका. थकलो बापा मी.

आमचा चारशे फूट गेला, निस्ता फुफाटा. आमची रंगूबाई रोज म्हन्ते, "बुजवा तो बोअर, आन नारळ द्या इकडं, चटनी करतो." आता सोमवारी शेजारचा जगदेव माझ्या शब्दावर बोअर घेऊन राह्यला, आन घरची बायकोच चटनी करते?

तेवढ्यात जमीन तपासाले ज्योत्स्ना मॅडम आल्या. म्हने, जमिनीच्या पोटात आग हाय. लय खोल बोअर मारा, उकळतं पाणी वर येते, त्याची वाफ मोठ्या पंख्याले फिरवते, पंखा जनरेटरले, झाली वीज. थंड झालेलं पाणी परत खाली सोडा, तापून पुन्हा हजर. बैल घाण्याले जुपावा तशी वाफ जुपायची, ना कोळसा ना धूर. मी म्हनलं, मंग माझा बोअर पाण्याचा नसनच, विजेचा असन. मॅडम म्हने, उद्या मोजते. रंगूबाई म्हने, "गरम निंगला तं नारळ तुमचा, नाईतं माझा."

आता माझा सभाव तुमाले मालूम हाय. मॅडम याच्या आंधी आंघोळीचं दोन बंब कढत पाणी देलं बोअरात सोडून. मॅडमनं वायरले बांधून थर्मामीटर सोडला. "काका, खाली पंचावन्न." अख्खं गाव माझ्याकडं पाहून राह्यलं, मी मिशीवर हात फिरवून राह्यलो... पण बाई जागची हालेच ना. चहा पेली, वही लिहिली, पुन्हा पाह्यलं. "एकोणपन्नास." आनखी एक चहा. "एक्केचाळीस. काका, जमिनीची आग लाखो वर्षं विझत नाही, तुमची दोन चहांत विझली. आणि वायरला कडूनिंबाचा पाला कसा लागला?" थकलो बापा मी.

म्हनलं, मॅडम, एवढं सांगा, आनखी खोल गेलं तं गरम लागन का नाई? म्हने, "पाच-सहा किलोमीटर गेलं तर लागेल की, कुठंही."

मी जगदेवकडं वळलो. पाह्य, म्हनलं, जागा माझी बरोबरच होती, खोली कमी पडली.

रंगूबाईनं नारळासाठी हात पुढं केला.

"कुठंबी लागते, तं दाखवाले तुमी कायले पाह्यजे?"