शेरीच्या नावापुढचा आकडा

ठकूबाई : "गोठ्यात दावी मोजू नको. एकेकीच्या पाठीवर हात ठेव आन् मंग आकडा बोल." तुझं सासरं सांगायचं मला, नवी आले व्हते तवा. तुला त्या लॅपटॉपपुढं बसलेली बघून आज तेच कानात आलं.

अश्विनी : इथं हात ठेवायला काही नाही हो, आई. गेल्या उन्हाळ्यापासून बिबट्यानं कुठं कुठं धरलं, त्या गावांची नावं एकाखाली एक भरलीत. सूत्र टाकलं की कोणतं गाव किती वेळा आलं ते शेजारी दिसतं. पिंजरा एकच मोकळा आहे म्हणाले वनखात्याचे साहेब. जे गाव जास्त वेळा, तिथं लावणार.

ठकूबाई : मंग कुणाचं आलं?

अश्विनी : खैरमाळ पाच. आपली शेरी दोन.

ठकूबाई : दोनच?

अश्विनी : सुनीलभाऊंचं वासरू आणि शाळेमागची शेळी.

ठकूबाई : आन् धोंडाबाई?

अश्विनी : आहे ना, ही बघा. गाव आंबेदरा, भीमाशंकराच्या बाजूचं.

ठकूबाई : ती आंबेदऱ्यात गेली व्हय गं? कांदा काढायला आली आन् आपल्याच वावरात गेली. माझं लुगडं पांघरलं मी तिच्यावर.

अश्विनी : जागेचा रकाना भरपाईच्या कागदांवर कोराच होता, आई. मी सगळ्यांचं गाव आधारकार्डावरनं भरलं.

ठकूबाई : मेंढ्या घेऊन आलेल्या धनगराची लेक? हाताला धरली ती?

अश्विनी : तालुका पारनेर. त्याची मेंढी गेली, तीही पारनेरला. ऊसतोडीचा माणूस बीडला. थांबा... शेरीत ज्या माणसांना धरलं, त्यातलं एकही शेरीचं नाही. आपण दिवे लागले की घरात. वावरात झोपतात ते सगळे बाहेरचे.

दादाभाऊ : काय खल चाललाय सासू-सुनेचा? पाक अंगणात ऐकू येतंय. वहिनी, च्या टाका की.

ठकूबाई : टाकते, भावजी. तुमच्यापुरता. माझा सोमवार हाय.

अश्विनी : तात्या, यादीत चूक झालीय माझी. बरोबर केली तर शेरी सगळ्यात वर जाईल.

दादाभाऊ : ऱ्हाऊ दे तशीच. कार्डावर हाय तेच लिवलंस, खोटं कुठं हाय त्यात?

अश्विनी : पिंजरा खैरमाळला जाईल.

दादाभाऊ : जाऊ दे. शेरी वर आली की उद्या समद्या मोबाईलवर फिरंल. निम्मा कांदा अजून वावरात हाय. कांदा काढणाऱ्या टोळीच्या मुकादमाला कळलं तर बायका जीपमधी घालून नारायणगावला टमाट्यावर न्हील. मंग काढ तू कांदा, त्या लॅपटॉपनं. आन् खैरमाळवालं काय म्हणतील? शेरीच्या सुनंनं आकडा फिरवला.

ठकूबाई : भावजी, त्या बायका आता कुठं हायेत?

दादाभाऊ : खोपीत. उसाच्या कडंला. दरसाल तिथंच असत्यात.

ठकूबाई : धोंडाबाई बी तिथंच व्हती.

दादाभाऊ : म्या सोडला व्हता का बिबट्या?

ठकूबाई : न्हाई. तुमच्यावर न्हाई म्हणत मी. तिची धाकली बहीण औंदा टोळीत आलीया, साळू. तोंडवळा तसाच. यायला तयार नव्हती म्हणं, मुकादमानं माझं नाव सांगून आणली. आज सकाळी बांधावर मला म्हणाली, मावशी, तुमच्या भरवशावर आलेय. मी देवाला स्मरून शब्द दिला तिला. पिंजरा लावल्याबिगर तुला त्या उसाकडंला निजू देणार न्हाई.

दादाभाऊ : मला इचारायचं तरी.

ठकूबाई : इचारलं असतं तर तुमी कांद्याचं सांगितलं असतं.

अश्विनी : तात्या, मी एकेकाला फोन करते. कुठं धरलं एवढंच विचारते. ते सांगतील ते भरते. मग शेरी वर येऊ दे नाहीतर खाली.

(अश्विनी फोन घेऊन ओट्यावर जाते. दिवेलागण झाल्यावर परत येते.)

अश्विनी : झालं. खैरमाळच्या एकाची शेळीसुद्धा आपल्याच ओढ्यात गेली होती, चारायला आणली होती तेव्हा. शेरी सात. खैरमाळ चार. त्याला म्हटलं, तुमचा आकडा कमी होतोय. तो म्हणाला, व्हऊ दे ताई, खरं हाय ते.

दादाभाऊ : पाठवलंस?

अश्विनी : पाठवलं. साहेब म्हणाले, उद्या दुपारपर्यंत पिंजरा येईल.

दादाभाऊ : आता मुकादमाला कुणी सांगायचं?

ठकूबाई : तुमीच. दुसऱ्याकडनं कळण्यापरीस तुमच्या तोंडनं बरं. ऱ्हायल्या तर ऱ्हायल्या.

दादाभाऊ : सकाळी सांगतो. आता कुठं निघालात? दिवसभर पोटात काय न्हाई तुमच्या.

ठकूबाई : पिंजरा उद्या येणार. रात आजची हाय. अश्विनी, माझी पोथी आज तू वाच. ओसरीत सतरंज्या टाक, खोपीतल्या सगळ्या जणी मावतील अशा. आन् भाताला आधण ठेव.

अश्विनी : मी येते तुमच्याबरोबर.

ठकूबाई : तू घरात पायजेस. भावजी, तुमची बॅटरी द्या.

दादाभाऊ : उसाच्या बाजूनं नका जाऊ, वहिनी. बांधावरनं जा... थांबा, काठी घेतो. मी बी येतो.

ठकूबाई : या. पर बोलत चला. साळूला मी लांबूनच हाक मारीन, म्हंजी अंधारात आपल्या पावलांना भ्यायची न्हाई.