बाबांच्या सतारीच्या तारा

बाळांनो, असं समजा की तुम्ही वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात बाकावर बसला आहात. छकुली तशीच बसली होती, आपल्या बाजाच्या पेटीचा भाता नीट होण्याची वाट बघत. शेजारी एक बहीण-भाऊ होते आणि दोघांच्या मधे त्यांच्या वडिलांची सतार.

“काका, हिच्या सगळ्या तारा उतरवा,” भाऊ म्हणाला.

“नाही हं दादा. बाबा गेले तरी ती वाजते.”

“तूच हळूच छेडत असशील.”

“मी समोर हाताची घडी घालून बसते.”

“मग उंदीर असेल.”

“उंदीर सुरात वाजवतो का रे?”

“कधी वाजते म्हणालीस?”

“बाबांचं आवडतं गाणं लावते ना, तेव्हा. गाणं थांबतं, तरी ही थोडा वेळ चालूच.”

“आणि मी आलो की बरी गप्प बसते.”

“तू आलास की आधी टीव्ही लावतोस. बाबा म्हणायचे, देवाघरी गाणं नसेल तर मी परत येईन.”

“दिवसभर त्या खोलीत कान लावून बसतेस, जेवणाचीही शुद्ध नसते. मला हे ठीक दिसत नाही. काका, उतरवा.”

“खरंच वाजली तर, याची तुला भीती वाटते.”

“काहीतरीच.”

काकांनी पहिल्या खुंटीला हात घातला. तेवढ्यात छकुली उठली. सतारीजवळ तोंड नेऊन तिने लांब ‘सा’ लावला, मग ओठ घट्ट मिटले, लाकडाला कान टेकवला. कुणी हात न लावता तारा तोच ‘सा’ गुणगुणत होत्या. तिने त्या दादाला बोटाने जवळ बोलावलं.