दिपिकाच्या घरातला बर्फ

पनवेलच्या एसटी स्टँडवर कोन गावच्या गाडीची रांग होती. गाडी नव्हती, त्यामुळे ऐकायला निवांत वेळ होता. माझ्यापुढे प्राथमिक शाळेच्या एक बाई आणि त्यांच्या विद्यार्थिनीचे आजोबा उभे होते.

“आजोबा, घर गार कसं राहतं ते शिकवत होते. मुलांनी बुटांच्या खोक्यांची घरं केली, आत बर्फ ठेवला. वर पत्रा लावलेल्या घरांत मधल्या सुट्टीतच पाणी झालं. दिपिकाच्या घरातला बर्फ शाळा सुटली तरी होता.”

“पेंढा लावलेला ना तिनं.”

“हो, सगळीकडून. पण मिळाला कुठं? तुम्ही भात लावता अजून?”

“छे. आमच्या शेतात आता सात मजले उगवलेत.”

“मग विकत आणलात?”

“बाई, मागल्या महिन्यात तिची आजी गेली ना. पोरगा जहाजावर. तो येईस्तोवर बर्फावर ठेवली तिला. दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ सरला. लोक म्हनाले, आता नाय थांबता येनार. पोरगा संध्याकाळी पोचला, सगळं उरकल्यावर.”

“अरेरे.”

“काल तुमचा बर्फ बघून आली नि विचारते, आजोबा, आजीच्या बर्फाला आपुन पेंढा का नाय लावला?”

“लहान आहे हो. काय सांगितलंत?”

“सांगितलं, घरात पेंढा नव्हता.”

“बरोबरच आहे. आता कुणाच्या घरात असतो?”

“तिरडीसाठी आनलेला पेंढ्याचा भारा तवा अंगनातच होता, बाई. उरला तो तिनं तुमच्या खोक्याला लावला.”

“मग ती काय म्हणाली?”

“म्हनाली, नव्हता तर नव्हता. मला खोटं पाडत नाय ती.”