रेडिओवरची शिमशोनची जागा

दानियलकाका, एस्तेरकाकी, इस्रायलातल्या या येरुहाम गावच्या माझ्या माणसांनो,

कारखान्याची पाळी सोडून तुम्ही आलात. शिमशोनच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंत. शिमशोनबद्दल चांगलं बोलायला मी योग्य माणूस नाही. का, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. रिबका समोर बसली आहे. तिचे डोळे त्याच्यासाठी सुजलेत. माझ्यासाठी ते कधी ओलेही झाले नाहीत.

आठवतं ना? आपल्यासारख्या महाराष्ट्रातून आलेल्या बेने इस्रायलांशी लग्न लावायचं तर आधी त्यांच्या पिढ्या तपासा, ते खरे यहुदी आहेत का बघा, असं ते धर्मगुरू, ते रब्बी, रेडिओवर सांगत होते. काकांच्या घरी आम्ही पेटलो होतो. मी, मुंबईचं कॉलेज अर्धवट टाकून आलेला, रेडिओ बंद करायला धावलो. शिमशोनने माझा हात धरला. म्हणाला, त्यांचं पुरतं ऐक, तरच आपलं ऐकवा म्हणून मागता येईल. एस्तेरकाकींनी विचारलं, काय रे, रब्बींचा जावई व्हायचंय का? सगळे हसले. रिबका हसली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. ते बघणं मला अजून टोचतं.

मग हा माणूस रजा टाकून, बस पकडून जेरुसलेमला, रेडिओच्या कचेरीत. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मागणं एकच. ज्या वादाची एक बाजू ऐकवता, त्याची दुसरीही ऐकवा, त्याच कार्यक्रमात. तिथले साहेब म्हणाले, हा धर्माचा प्रश्न आहे, वाद नव्हे. शिमशोनने विचारलं, मग माझी आई रडते कशाला? शेवटी कबूल झाले. रब्बी बोलतील, लगेच आपला माणूस बोलेल. आणि आठवड्याभरात छातीत कळ येऊन हा गेला.

आपल्या पंचांनी रेडिओवर बोलायची ती जागा मला दिली. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू? वाटलं, त्याच्या जागी बसेन, रब्बींच्या चिंध्या करीन, आणि रिबका ऐकेल. काल ती माझ्या दारात आली. पहिल्यांदाच. म्हणाली,

"भांड, हवं तेवढं भांड. पण त्यांचं म्हणणं वाकडं करून सांगितलंस, तर मी रेडिओ बंद करीन."

म्हणजे माझ्या दारातही तिच्या तोंडून तोच बोलला. गेलेल्या माणसाशी झगडायचं तरी कसं? सांगा ना.

शिमशोन, तुझा हेवा वाटायचा. आजही वाटतो. पण गुरुवारी रेडिओवर मी रब्बींचं म्हणणं आधी सरळ मांडीन, मगच त्याला उत्तर देईन. तिने शेवटपर्यंत ऐकावं म्हणून.

आता उभे राहा. थोडा वेळ कुणीच बोलू नका, त्यांच्या बाजूने नाही, आपल्याही नाही. मीसुद्धा तिच्याकडे बघणार नाही.