राइट म्हणजे नक्की काय

—नाही गं, रागावलो नाही मी. बस. ती बादली पायानं सरकव, खेकडे आहेत, पण झाकण घट्ट आहे. तू 'यू राइट?' म्हणालीस ना, तो 'र' असा जिभेवर घोळवून, म्हणून चपापलो, इतकंच. हॉस्पिटलातली, परदेशातून आलेली नवी नर्स तू, होय ना? पाहिलंय तुला बेकरीसमोर. मी रेक्स. रेक्स ट्रेलोर. जन्म या गावचा, चाळीस वर्षं बोट घेऊन समुद्रात गेलो, आता बोट विकली म्हणून असा धक्क्यावरून जाळं सोडून बसतो. तुला कुणी शिकवलं हे 'यू राइट?' वॉर्डातल्या पोरींनी? वाटलंच. आणि अर्थ नाही सांगितला? त्यांना तरी कुठे माहीत असणार — लहानपणापासून तोंडात बसलेलं, कोण उलगडून बघतंय.

बघ, तुला शाळेत दोनच अर्थ शिकवले असतील — राइट म्हणजे उजवा, आणि राइट म्हणजे बरोबर. ते विसर. इथे दुकानात काउंटरवरची पोरगी म्हणाली 'यू राइट?', तर तिला म्हणायचंय, काय देऊ? तेच रस्त्यात एखादा दांडगा भुवया चढवून म्हणाला, तर — काय बघतोस रे, हो बाजूला. कुणी धडपडला, 'यू राइट?' — लागलं का? आणि माणूस गप्पा मारता मारता गुडघ्यावर थाप मारून नुसतं 'राइट' म्हणाला की समज, उठला तो, आता थांबत नाही. मग 'आय'म राइट' — म्हणजे मी बरोबर, असं नाही गं. म्हणजे — नको. चहा घेणार? आय'म राइट. मदत करू? आय'म राइट. आमचे पुरुष तर तेवढ्यावरच जन्म काढतात. हसू नकोस, खरं आहे.

माझी बायको नेमकी यातच अडकली. हालिना. पोलंडची. त्र्याऐंशी साली ॲडलेडच्या मासळी बाजारात मासे साफ करायची, मी तिथे माल टाकायला जायचो — हातात सुरी, डोक्याला हिरवा रुमाल, कुणाशी बोलणं नाही. मी बोलायला गेलो तर, तुझ्यासारखाच 'र' घोळवत, मला म्हणाली, "हळू बोला. मी मूर्ख नाही, मला भाषा नाही." तिथेच गारद झालो मी. तर लग्न करून इथे आणली, आणि पहिल्याच आठवड्यात दुकानातून रडत घरी. पाव न घेताच. म्हणाली, "रेक्स, ती मुलगी मला विचारते, मी बरोबर आहे का. कशाबद्दल बरोबर? मी काय केलं?" आणि मी काय केलं असेल? हसलो. पोट धरून हसलो, आणि संध्याकाळी पबमध्ये सगळ्यांना सांगितलं. पुढे वर्षभर जो तो तिला बघून, "काय हालिना, यू राइट?" ती पण हसायची मग. पण तिनं एक वही केली. कुणी हा शब्द कुठे वापरला, कसल्या आवाजात वापरला, समोरच्यानं काय केलं — सगळं टिपून ठेवायची. हुशार बाई. माझ्याहून दसपट हुशार.

आणि मी तिला विचारलं का कधी, की तुमच्याकडे याला काय म्हणतात? नाही. एकदाही नाही. ती म्हणायची, रेक्स, मी येऊ तुझ्याबरोबर बोटीवर? — आय'म राइट, लव्ह. शिडी धरू? आय'म राइट. माझे वडील गेले तेव्हा ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती, म्हणाली, रडायचंय का तुला? — आय'म राइट. तो हात तिनं लगेच नाही काढला. जरा वेळानं काढला.

त्या जाळ्याचं सोड, ओढतो नंतर. कितीला जायचंय तुला? तीनला? मग वेळ आहे.

एक राहिलंच. 'शी'ल बी राइट.' ऐकलंयस? ऐकशील. शब्दशः म्हणजे — ती ठीक होईल. पण 'ती' म्हणजे कुणी नाही! ती म्हणजे बोट, ती म्हणजे हवा, गळकं छप्पर, पंक्चर चाक. काही बिघडलं की आम्ही म्हणतो, शी'ल बी राइट, होईल सगळं. म्हणायचं म्हणून म्हणतो. तोंडातून वारा सुटावा तसं. हे हालिनाच्या वहीत नव्हतं तेव्हा.

शहाऐंशी साल. तिला सातवा चालू होता. सकाळी एकदम रक्त जायला लागलं, गाडीत घालून आणली — याच हॉस्पिटलात, तुझ्या. पोट फाडून बाळ काढलं. मुलगी. एवढी... माझ्या या दोन हातांत मावेल एवढी. नाव हालिनानं आधीच ठरवलेलं होतं, यागोदा. बोरासारखं काही फळ असतं त्यांच्याकडे, ते. बाळाला मोठ्या हॉस्पिटलात न्यायला ॲडलेडहून विमान बोलावलं होतं. हालिनाचं रक्त फार गेलेलं, ती खाटेवर, अर्धवट शुद्धीत. मी आत गेलो, तिनं विचारलं, "हाऊ इज शी?" ती कशी आहे? आणि मी म्हणालो — "शी'ल बी राइट."

तिला वाटलं, ती. आमची ती. डॉक्टरांनी सांगितलं असेल, तेच हा सांगतोय. तिचा चेहरा असा उजळला, पोरी — मी तसा चेहरा ना आधी पाहिला ना नंतर. म्हणाली, "मग मी थोडी झोपते." आणि झोपली. दुपारी पावणेदोनला यागोदा गेली. विमान यायचं होतं अजून. हालिनानं तिला हातात घेतली ती नंतर. गार झाल्यावर.

पुढे ती एकदाच बोलली. "तू म्हणालास ती ठीक होईल." मी म्हणालो, "अगं, ते आम्ही नुसतं म्हणतो गं, त्याचा अर्थ तसा नसतो." तिनं मान हलवली. उठली, वही काढली, आणि लिहिलं त्यात. माझ्यासमोर. काय लिहिलं मी बघितलं नाही. एकोणतीस वर्षं राहिली त्यानंतर माझ्याबरोबर. भांडण नाही, तंटा नाही. गावात सगळ्यांना वाटायचं काय सुखी जोडपं — आणि भाषेचा घोटाळा झाला बिचारीचा, असंही वाटायचं. मीच सांगितलेलं ना तसं. भाषेचा घोटाळा.

नव्हता तो घोटाळा.

डॉक्टरांनी मला बाहेर गाठलं होतं. आत जायच्या आधी. भला माणूस, घाम पुसत होता. म्हणाले, "रेक्स, फुप्फुसं तयारच झालेली नाहीत. विमान येईपर्यंत काही ती टिकत नाही. बायकोची खाट बाळाजवळ लावतो आम्ही, म्हणजे तिला घेता येईल. तू सांगतोस की मी सांगू?" मी म्हणालो, मी सांगतो. आणि आत जाऊन ते म्हणालो. हो. मला माहीत होतं. तिनं कसं घेतलं तेही दिसलं मला, दिसलंच की, चेहरा समोर होता. त्या क्षणी म्हणता आलं असतं, नाही हालिना, तसं नाही. नंतर साडेतीन तास होते. साडेतीन तास! मी काय केलं, सांगू? बाहेर जाऊन गाडीचं बॉनेट उघडलं आणि तेल तपासत बसलो. पोरीजवळसुद्धा नव्हतो. तिला एका नर्सनं धरलं होतं. तुझ्याएवढीच असेल.

हे मी कुणाला... असो. कसं तोंडून सुटलं कोण जाणे.

नाही, सांगितलं. हालिनाला सांगितलं मी. पण कधी, तर यंदा जूनमध्ये. ती आजारी पडली, दर आठवड्याला ॲडलेडला उपचार, म्हणून बहिणीकडेच राहायला गेली, बोझेनाकडे. मी विचारलं, मी येऊ तिकडे राहायला? तर फोनवर म्हणते कशी, "आय'म राइट, रेक्स." अगदी इथल्यासारखं. एक सूर चुकला नाही. तरी गेलो एके दिवशी, बसनं. ती खिडकीशी, अंगावर पांघरूण, हात असे काडीसारखे. मी कोटही काढला नाही. उभ्या उभ्या सांगितलं सगळं — डॉक्टर काय म्हणाले ते, तेलाचं, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग बोलली. पोलिशमध्ये. सहा-सात शब्द असतील. माझ्याकडे बघून, सावकाश, आणि मग पुन्हा एकदा तेच सगळं. मला एक अक्षर कळलं नाही. बत्तीस वर्षं एका घरात, आणि मला तिच्या भाषेत 'पाणी'सुद्धा येत नाही. मी नुसती मान हलवली. कळल्यासारखी. नऊ दिवसांनी ती गेली.

बोझेना दारातच उभी होती तेव्हा. तिनं ऐकलंय. मातीच्या दिवशी माझ्या बाहीला धरून म्हणाली, "तुला नाही का ऐकायचं ती काय म्हणाली ते?" मी म्हणालो, बस चुकेल माझी. बसला तासभर होता.

शिवी असेल. किंवा माफ केलं म्हणाली असेल. किंवा — मला आधीपासून माहीत होतं, असंही असेल, तिचं काय सांगावं. बोटीवर असतो ना, तेव्हा खाली खडक आहे की वाळू हे नांगर टाकल्यावरच कळतं. मी काही तो टाकत नाही. जोवर विचारत नाही तोवर तिन्ही आहेत माझ्याकडे. संध्याकाळी एक घेतो, सकाळी दुसरं.

काय? नंबर? आहे की बोझेनाचा. तोंडपाठ आहे.

नाही. नाही, तो फोन आत ठेव. लावू नकोस, ऐक माझं... ठेव म्हणतो ना! — हं. ओरडलो. चुकलं. पण तीन वाजत आले, तुझी ड्यूटी आहे, माणसं खोळंबली असतील तिथे. त्या टोकाकडून जा, इकडची फळी सैल आहे. जा पोरी. मला जाळं ओढायचंय.