सासऱ्यांच्या इंजिनाचा रंग

...आणि वर मलाच विचारतो, "मार्ला, ओव्हन रिकामा आहे का गं?" आता रिकामा कसला असणार? आत चिकन आहे माझं, बटाटे आहेत, आणि हा माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा, हातात टॉवेलात गुंडाळलेला इंजिनाचा तुकडा, बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आलेल्या नर्ससारखा! मी म्हटलं, रात्री जेवायचंय की रंगवायचंय ते एकदा ठरव. तर म्हणतो, "जेवू की, पण आधी रंग भाजून घेऊ."

रंग भाजून घेऊ! तुम्हाला सांगते, बासष्ट वर्षांचा आहे माझा नवरा, कर्टिस. अख्खं गाव त्याला शहाणा माणूस म्हणतं. गावाला काय जातंय म्हणायला? गावाच्या जेवणाच्या टेबलावर थोडीच मोटारसायकल खोलून ठेवलीय त्यानं?

तर ही मोटारसायकल म्हणजे माझ्या सासऱ्यांची, व्हर्लिनची. त्यांनी स्वतःच्या लग्नाआधी घेतलेली. इंजिन जाम झालं तशी गोठ्यामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडली ती पडलीच, उंदरांनी सायलेन्सरात संसार थाटले. मग गाई विकल्या, सासूबाई गेल्या, आणि सासऱ्यांची आठवण... ती एकदम नाही हो गेली. आमच्याकडे पाहुणा कसा, "चला निघतो" म्हणून उठतो आणि मग तासभर दारात उभा राहून बोलतो, तशी ती निघाली. आता वृद्धाश्रमात असतात. आधी माझं नाव गेलं. साहजिक आहे, मी सून. मग एका रविवारी आम्ही भेटायला गेलो तर कर्टिसकडे बघून म्हणाले, "तुम्ही कोणाकडे आलात?" कर्टिस घरी आला, तडक शेडमध्ये गेला आणि ताडपत्री ओढली.

त्याला फार काही नको होतं. इंजिन पहिल्यासारखं करायचं, वडिलांपुढे ठेवायचं, आणि त्यांनी एकदा, एकदाच, "कर्टिस" म्हणायचं. मला ते कळलं होतं म्हणून तर मी गप्प बसले. नाहीतर मी गप्प बसणारी आहे का?

आता बाहेर विस्कॉन्सिनचा हिवाळा, गॅरेजमध्ये हात कडक होतात तिथे रंग काय धरणार? म्हणून इंजिन घरात. माझ्या मफिनच्या साच्यात मफिनऐवजी बोल्ट, एकेका खळग्यात एकेक जात. कार्ब्युरेटर माझ्या सूपच्या भांड्यात, लिंबाच्या रसात उकळला. मी भांडं टाकायला निघाले तर म्हणतो, "अगं, असू दे, उलट आतून किती चकचकीत झालंय बघ." आणि तो सिलिंडर! ओतीव लोखंडाचा, अंगावर पातळ पातळ पट्ट्यांची चळत, आणि प्रत्येक पट्टीच्या बेचक्यात पन्नास वर्षांची काजळी. ती टूथब्रशनं काढायची. कोणाच्या टूथब्रशनं ते विचारू नका. मग जुना रंग खरवडायचा, कडेनं कागदी टेप लावायची, दोन हात मारायचे, आणि तो ओव्हनमध्ये भाजायचा, कारण न भाजता चढवला तर म्हणे इंजिन तापलं की पोपडे येतात. आले तर आले! पण नाही.

सिलिंडर पहिल्यांदा रंगून तयार झाला. सुंदर करडा रंग, मलासुद्धा आवडला, खोटं कशाला बोलू? रविवारी टॉवेलात गुंडाळून नेला. सासरे खिडकीपाशी बसलेले, चौकटीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. मांडीवर घेतला, पट्ट्यांमधून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरला, नाकाशी नेला... आणि म्हणाले, "हा तो रंग नव्हे. हा फ्रीजचा."

झालं! पुन्हा खरवड, पुन्हा टेप, पुन्हा ओव्हन. पुढच्या रविवारी जरा गडद नेला. "हा तो रंग नव्हे. हा टपालपेटीचा." त्याच्या पुढच्या रविवारी जरा हिरवट झाक. "हा तो रंग नव्हे. हा आमच्या बँकेतल्या कारकुनाच्या पँटचा." आणि वर कर्टिसच्या हातावर थोपटून म्हणतात कसे, "तुम्ही कामाला चांगले आहात हो मेकॅनिक, हात बसलेला आहे तुमचा." पोटच्या पोराला मेकॅनिक! आणि हा बाबा मान डोलावून म्हणतो, "बरं साहेब, पुढच्या खेपेला बघतो." आता याला काय म्हणायचं?

घरात तर ज्या पदार्थाचं झाकण उघडावं त्याला रंगाचा वास. चर्चच्या जेवणाला मी त्याच ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल नेलं, पास्टरबाईंनी एक घास घेतला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मार्ला, आज काहीतरी वेगळंच केलंयस गं." आमच्या गावात कुणी जेवणाला 'वेगळंच' म्हणालं की समजायचं, भांडं भरलेलंच घरी न्यायचं आहे.

त्या दिवशी मी ओव्हनपुढे खुर्ची टाकून बसले. म्हटलं, आता आत लोखंड जाणार नाही. कर्टिसनं तोच जुना, हिरवट झाकेचा सिलिंडर पुन्हा टॉवेलात घातला आणि रविवारी गेलो. सासऱ्यांनी मांडीवर घेतला, अंगठा फिरवला, नाकाशी नेला. "हा तो रंग नव्हे," म्हणाले, "मागच्या रविवारचा जवळ जवळ आला होता."

आता बोला! अहो, मागच्या रविवारचाच होता तो! कर्टिस कॉफी आणायला गेला, आणि मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, डॅड, आज मला सांगाच, तो रंग आहे तरी कुठला?

त्यांनी दाराकडे बघितलं, माझ्याकडे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, रंगाला काही झालेलं नाही. पहिला होता तोही चांगला होता."

"मग?"

"त्या मेकॅनिकला तोंडावर सांगवत नाही, बिचारा मन लावून करतो. पण ते काम त्याचं नव्हे. मी माझ्या पोराला कबूल केलंय, आपण दोघं मिळून रंगवू म्हणून. दर हिवाळ्याला राहून जातं. गाई काय थांबतात होय? आता यानं पुरं करून टाकलं तर पोराला काय तोंड दाखवू मी?"

म्हटलं, पोरगा आहे कुठे? तर म्हणाले, शाळेत, बस आली की येईल.

मी मागे बघितलं. दारात कर्टिस, दोन्ही हातांत कॉफी. किती वेळ उभा होता देव जाणे. त्यानं दोन्ही कप तिथंच खाली फरशीवर ठेवले आणि निघून गेला. मला वाटलं रडायला गेला. मी पर्स उचलली, मलाही रडू येत होतं, कुठल्याशा एका कोपऱ्यात दोघं रडू, म्हटलं... तेवढ्यात बाहेरचं दार उघडल्याचा आवाज, थंडगार झोत, आणि हा परत आत आला. बुटांना बर्फ. टोपी हातात. पांढऱ्या मिशांचा, गुडघे दुखणारा, नातवंडांचा आजोबा माणूस... आणि म्हणाला,

"डॅड, बस आली."

सासऱ्यांनी त्याला खालून वर बघितलं. वरून खाली बघितलं. मी मनात म्हटलं, झालं, आता हेही म्हणणार, हा तो पोरगा नव्हे.

"उशीर केलास," ते म्हणाले. "जॅकेट काढ. बाह्या वर कर. आणि हे बघ, कर्टिस, घासताना जोर नाही लावायचा."

कर्टिस म्हणाले! मी ऐकलंय माझ्या कानांनी! कर्टिसनं खिशातून पॉलिश पेपर काढला, त्याच्या खिशात तो असतोच हल्ली, आणि दोघं वर्तमानपत्र अंथरून, डोक्याला डोकं लावून घासायला बसले. "कुठल्या गाढवानं रंगवलंय हे?" सासरे म्हणाले. "सगळं उतरवू आधी." आणि तो गाढव, गालांवरून पाणी वाहतंय तरी पुसत नाही, म्हणाला, "हो डॅड, उतरवू."

निघताना सासऱ्यांनी मला जवळ बोलावलं. "बाई, तुम्ही आमच्याच रस्त्याला राहता ना? याला घरी सोडाल? आणि रस्ता ओलांडताना हात धरा, वेंधळा आहे तो." मी धरला हो हात, मोटारीपर्यंत धरला, आणि त्यानंही सोडला नाही. इतकी वर्षं संसार केला या माणसाशी, आणि सासऱ्यांनी आपला पोरगा माझ्या हवाली केला तो आत्ता... तोही फक्त घरापर्यंत पोचवायला, आणि पुढच्या रविवारी वेळेवर परत आणून द्यायच्या बोलीवर.