एकच धडक, दोन गुडघे

हॅलो? … हां, कृपाच बोलतेय, दुसरं कोण असणार! बोल ज्ञानेश्वरी… नाही गं, मी कशाला रागावू? तुझा गुडघा बरा झाला, वाट पेढे.

…काय? पळालीस? मैदानाला दोन फेऱ्या? … हो, हो, ऐकलं! परत नको सांगू.

अगं ऐक ना… कबड्डीत चढाई तुझी होती, पाय मी धरला. दोघी एकदमच पडलो, दोघींचा उजवाच गुडघा. आणि तुझा त्याच संध्याकाळी नगरला एमआरआय! एसीत! माझी तारीख कधीची, माहितीय? पुढच्या महिन्याची एकोणीस. सरकारीत लाईन लई मोठी म्हणे. तोवर मलम चोळा. रविवारी जिल्ह्याची निवड, बिभीषण सरांनी पहिलं नाव माझं घेतलेलं… आणि मी मलम चोळू?

…सांगू? ओरडायचं नाही. तुझ्या फिजिओ मॅडम घरी येऊन व्यायाम घेतात, तो व्हिडिओ तू स्टेटसला टाकलास ना… हो, तोच. तो बघून मी रोज करतेय. तुझ्यापेक्षा दहा बैठका जास्तच!

…का म्हणजे? धडक एकच, गुडघा तोच, मग व्यायाम वेगळा कशाला?

…सुजलाय थोडा. बरं, बराच… ओरडणार नव्हतीस ना! … मॅडम तिथंच आहेत? नको, नको देऊ फोन, अगं…

नमस्ते मॅडम… हो… नऊ दिवस… पायऱ्या उतरताना? निसटतो. आपोआपच… नाही मॅडम, माझा रिपोर्टच नाही… तिचा नुसता स्नायू दुखावलेला? … मग माझा? … लिगामेंट? … म्हणजे रविवारी… अजिबात नाही?

…

हां, ज्ञानेश्वरी, आहे मी… नाही रडत. सर्दी झालीय.

…उद्याच? सरकारीतच? तुझ्या पप्पांनी एक फोन केला की उद्याची तारीख? अगं, त्याच खिडकीपुढं माझी मम्मी कांदे निवडायचा रोज बुडवून चार तास उभी होती! तिला फोन नव्हता का? होता की! कुणाला लावायचा, तेवढंच माहीत नव्हतं…

नको. नको मला तुझं काही.

…

…गाडी किती वाजता निघणार? … सातला. बरं. मागची सीट अख्खी माझी, पाय लांब करणार मी… हसू नकोस.

आणि ऐक. रविवारी तुझी निवड झाली तर लगेच फोन करायचा नाही. सोमवारी कर… हो, शाळा सुटल्यावर. ठेवते.